तळघरातला वर्ग आणि आप्पाजींचा कान

बंगळुरातल्या व्हाइटफील्डच्या त्या सोसायटीत गणपतीच्या आधी एक कुजबुज सुरू झाली आणि लिफ्टबरोबर वरखाली फिरू लागली: विमलाक्का तळघरात मोलकरणींचा संघ बांधतेय. दुसऱ्या मजल्यावर तो नुसता संघ होता. आठव्यावर पोचेपर्यंत त्याला झेंडा फुटला, आणि गच्चीवर सांडगे वाळत घालणाऱ्यांनी तर संपाचा दिवसही ठरवून टाकला.

कुजबुज सोडली कुणी, हे विचारायची गरज नाही. सोसायटीचे सेक्रेटरी आप्पाजी. सत्तरी ओलांडलेले, घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी या मुलखात आलेलं, त्यामुळे घरची मराठी निम्मी कन्नडात भिजलेली. आणि स्वभाव असा, की दूधवाला हसला तर दुधात पाणी, आणि नाही हसला तर नक्कीच पाणी. पेपर उशिरा आला की त्यांची नजर शेजारच्या दाराकडे जायची. शेजाऱ्यानं आधी वाचून, घडी नीट घालून परत ठेवला असणार!

विमलाक्कावर त्यांचा विशेष राग होता. ती शाळेतून निवृत्त झालेली इंग्रजीची मास्तरीण. यजमान गेलेले, लेक परदेशात. शिकवायला समोर कुणी नाही म्हटल्यावर तिनं आधी लिफ्टमधल्या पाट्यांच्या चुका काढल्या, मग थेट सेक्रेटरींच्या. भर सभेत आप्पाजी उठून "मायसेल्फ आप्पाजी, सेक्रेटरी" म्हणाले, तशी मागच्या खुर्चीतून ही बोलली, "अण्णा, मायसेल्फनं सुरुवात नको. आधी क्रियापद येऊ दे, मग सेल्फ." सभा खो खो हसली. आप्पाजी हसले नाहीत.

त्यानंतर महिन्याभरात विमलाक्कानं तळघरातली अडगळीची खोली झाडून घेतली आणि तिथं वर्ग सुरू केला. दुपारची भांडी आणि संध्याकाळच्या पोळ्या यांच्या मधल्या वेळात कामवाल्या बाया तिथं जमायच्या. जवळपासच्या आयटी पार्कांच्या कँटीनमध्ये चार वाक्यं इंग्रजी बोलणाऱ्या बाईला टेबलाशी उभं राहायचं काम मिळतं, नाही बोलणारीला मोरीशी. इतकी साधी गोष्ट होती. पण बायांना फाटकाबाहेर जायची सोय नव्हती. एकदा बाहेर पडलं की परत आत यायला पहारेकरी दहा घरांना फोन लावायचा. म्हणजे ही खोली गेली की वर्गही गेला. हे विमलाक्काला माहीत होतं, आणि आप्पाजींनाही.

एके दुपारी आप्पाजी मीटर बघायच्या निमित्तानं तळघरात उतरले. दार बंद. त्यांनी कान लावला. आतून कोरसमध्ये आवाज आला, "शी डिफेंडेड हरसेल्फ! वी ऑर्गनाइज्ड अवरसेल्व्हज! दे फ्रीड देमसेल्व्हज!"

आप्पाजींना हवा तो पुरावा मिळाला. त्यांनी दार ढकललं. फळ्याशी विमलाक्का, समोर पालथ्या बादल्यांवर बाया.

"विमला, काय चाललंय ग हे?"

"सेल्फ चाललाय, अण्णा. या, बसा. ती निळी बादली रिकामी आहे."

"मला शिकवू नकोस. ऑर्गनाइज म्हणजे काय, ते मला कळतं."

"मग बरंच झालं. हे बघा, करणारा आणि ज्याला केलं तो, दोघं एकच असले की क्रियापदामागे सेल्फ. आपण म्हणतो 'मी बोट कापून घेतलं', कन्नडात 'कोय्कोंडे'. इंग्रजीत कट मायसेल्फ. पण आंघोळीला सेल्फ लागत नाही, तिथं नुसतं वॉश. मजा करायची तर मात्र लागतो, एन्जॉय युवरसेल्फ."

"आणि बंड करायला?" आप्पाजींनी डोळे बारीक केले.

"त्याला नाही लागत, अण्णा. बंड नुसतं करता येतं."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्यातली यल्लव्वा आप्पाजींच्या घरी भांडी घासायची. ती तर जरा जास्तच हसली. आप्पाजी वर आले आणि बायकोला, कमिटीतच असलेल्या कमलाबाईंना म्हणाले, "गणपतीचं जेवण होऊ दे, त्याच संध्याकाळी कमिटीत खोलीला कुलूप."

"आणि यल्लव्वानं काम सोडलं तर?" कमलाबाईंनी विचारलं.

"बघ! तुलासुद्धा फितवलं."

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या मराठी घरांची पंगत. टेबलखुर्ची नाही, जमिनीवर केळीची पानं. हा आप्पाजींचा हट्ट. वाढायला त्याच बाया. पहिली वाढणी झकास झाली. मसालेभात, अळूची भाजी, एकेक मोदक. आप्पाजींनी मोदक संपवला आणि पानावर हात आडवा धरून ठेवला. म्हणजे 'नको नको' म्हणायची तयारी. आता आग्रह होणार, आपण नको म्हणणार, तरी पानात पडणार. इतकी वर्षं असंच चाललेलं.

यल्लव्वानं मोदकांचं पातेलं भांड्यांसाठी मांडलेल्या टेबलावर ठेवलं. वर्गातल्याच शिवलीलानं भाताचं. मग सगळ्या बाया ओळीनं भिंतीशी गेल्या, हात जोडले आणि एका सुरात म्हणाल्या, "प्लीज हेल्प युवरसेल्व्हज."

पंगतीनं आधी टेबलाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

मधेच पानावरून उठलं की जेवण संपलं. खरकट्या हातानं पळी धरायची नाही. टेबल चार हातांवर, मोदकांतून वाफ निघतेय, आणि मांड्या घातलेली माणसं नुसती बघतायत. आप्पाजींचा आडवा हात तसाच हवेत.

"संप!" ते ओरडले. "मी सांगत नव्हतो? हा बघा संप!"

समोरच्या पानावर विमलाक्काला ठसकाच लागला. पाणी पिऊन ती म्हणाली, "अग यल्लव्वा, ते कँटीनच्या पाहुण्याला ग!"

"तुम्हीच म्हणालात ना अक्का, मोठी माणसं जेवायला बसली की असं म्हणायचं."

"टेबलावरच्या माणसाला. पानावरचा माणूस स्वतः घेत नसतो. त्याला स्वल्प आग्रह लागतो."

"सरी, बरं," म्हणून यल्लव्वानं पातेलं उचललं आणि थेट आप्पाजींपुढे येऊन बसली. "घ्या अण्णा. माझ्यासाठी एक. आता गणपतीसाठी एक. आता अक्कांसाठी."

"नको ग, नको, पुरे!"

"असं कसं? नाहीतर म्हणाल संप केला."

पंगत हसून हसून लोळायची बाकी राहिली. आप्पाजींना शेवटी हात धरून उठवावं लागलं.

संध्याकाळच्या बैठकीत त्यांनी पोट धरूनच कुलपाचा विषय काढला. कमिटीनं शिवलीलाला बोलावून सरळ विचारलं, "संघ बांधलाय का?"

"बांधला असता साहेब," शिवलीला म्हणाली, "तर यल्लव्वानं पहिल्यांदा आप्पाजींच्या घरची कढई सोडली असती. ते घासून झाल्यावर वास घेऊन बघतात."

कमलाबाई सगळ्यांच्या आधी म्हणाल्या, "खरंय." मग कमिटीतले बाकीचे हात वर झाले, ते वर्गाच्या बाजूनं. खोली राहिली. आप्पाजींनी एकच अट घातली, दार उघडं ठेवायचं, आणि ती मान्य झाली. आता ते रोज दुपारी जिन्याशी खुर्ची टाकून बसतात. पाण्याचा पंप सुरू झाला की बाया बेंबीच्या देठापासून ओरडतात, आणि इतक्या ओरडणाऱ्या बायांचा हेतू शुद्ध कसा असेल, या विचारानं आप्पाजींची दुपारची झोप गेली आहे.

तळघरात संघ नव्हता. बाया इंग्रजी शिकत होत्या, आणि शेजारचा पंप फार वाजतो म्हणून दार लावून घेत होत्या.