सतरा नंबर : ठीक

दवाखान्यात सगळे त्याला लाइनमन म्हणत. आता तारा नव्हत्या, खांब नव्हते आणि खांबावर चढण्याजोगे त्याचे गुडघेही राहिले नव्हते. उमेदीची पंचवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात गेली. एक्स्चेंजला कुलूप लागलं तेव्हा बरोबरीचे लोक घरी बसले, पण याला घरी बसवेना. पन्नाशी उलटल्यावर तो मुलाच्या वयाच्या पोरांशेजारी बसून कॉम्प्युटर शिकला, आणि जिन्याखाली झाडू-बादल्या ठेवायच्या खोलीत त्याने दवाखान्याचा फोन सर्व्हर उभा केला. सर्व्हर कसला, एक जुना कॉम्प्युटर आणि त्यावर फुकट मिळणारं, कुणीही उघडून हवं तसं बदलावं असं सॉफ्टवेअर. पण इंटरनेटवरून फोन जोडायचं काम तो डबा इमानेइतबारे करी, आणि लाइनमनला त्याचं कोण कौतुक.

सगळ्यांत जास्त कौतुक सकाळच्या फेरीचं. एकेकटी राहणारी एक्केचाळीस म्हातारी माणसं दवाखान्याच्या यादीत होती. आठच्या ठोक्याला सर्व्हर एकेकाला फोन लावी आणि नर्सताईंच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात विचारी, बरे आहात ना? त्यांनी एकचं बटन दाबलं की नंबरापुढे ‘ठीक’ उमटे. नाही दाबलं तर नर्सताईंच्या पडद्यावर लाल रेघ येई आणि त्या स्कूटर काढून निघत. ही सगळी स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरने एकामागून एक काय करायचं त्या सूचना, लाइनमनने स्वतः लिहिली होती. दोन वर्षांत तिने तीन जीव वाचवले होते. तिच्यातल्या सात ओळी मात्र त्याने एकाच माणसासाठी लिहिल्या, मायेपोटी लिहिल्या, आणि त्याच त्याच्या जिवाला कायमच्या लागून राहिल्या.

सतरा नंबर ऑपरेटरबाईंचा. बाई एक्स्चेंजात फोन जोडायच्या बोर्डावर बसत. लाइनमन नवखा होता तेव्हा त्याला काम शिकवलं ते त्यांनीच. खांबावरून लाइन तपासताना वाऱ्यापुढे शब्द कळत नसत, म्हणून दोघांनी ठोक्यांची खूण ठरवली होती. फोनवर दोन ठोके म्हणजे लाइन ठीक आहे का. उलट तीन ठोके आले की समजायचं, मी आहे, तोडू नकोस.

अशा बाई बटन कशाला दाबताहेत. “आयुष्यभर मी माणसं जोडून दिली. आता मशीन विचारणार आणि मी बटन दाबणार होय? मी तोंडाने सांगीन. आणि लाइन तोडायची ती मी तोडीन, तुझं मशीन नाही,” त्यांनी ठणकावलं होतं. लाइनमन निमूटपणे खोलीत गेला आणि सतरा नंबरपुरता वेगळा नियम लिहून आला. बाईंचे गुडघे दुखत, म्हणून दोन रिंगांनंतर त्यांचा फोन स्पीकरवर आपोआप उघडे. पलीकडून आवाज आला की सर्व्हर ‘ठीक’ लिही. बाई जिथे असतील तिथून “आहे गं, आहे” म्हणत आणि सावकाश येऊन फोन बंद करत. त्या विसरल्याच, तर दोन मिनिटांनी सर्व्हर लाइन तोडे.

पुढे बाईंचा आवाज बारीक झाला. दोनदा सर्व्हरला तो ऐकूच गेला नाही, नर्सताई धापा टाकत पोचल्या, आणि शेंगा सोलत बसलेल्या बाईंनी त्यांची चांगली खरडपट्टी काढली. त्याच संध्याकाळी लाइनमनने एक आकडा खाली आणून सर्व्हरचे कान तिखट केले. हलकासा आवाजही आता पुरे होता. घरात दुसरेही आवाज असतात, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

त्या गुरुवारी साडेनऊला नर्सताई जिन्याखाली डोकावल्या. परवापासून फेरीची यादी दोन मिनिटं उशिरा येतेय, तुमच्यासारखं तुमचं मशीनही थकलं वाटतं, असं हसत म्हणाल्या. लाइनमनला ते झोंबलं. त्याने केबल काढून पुन्हा लावली, इंटरनेटचा वेग मोजला, सर्व्हर बंद करून चालू केला. कुठे काही बिघाड नव्हता. पाऊण तास असाच गेला. शेवटी त्याने लॉग उघडला, म्हणजे कुठला फोन किती वेळ चालला याची सर्व्हरने ठेवलेली नोंद.

चाळीस नंबर नेहमीसारखे होते. सतरा नंबरपुढे एकशेवीस सेकंद होते. बुधवारी एकशेवीस. मंगळवारीही एकशेवीस. सोमवारी फक्त बावीस.

बाईंनी जन्मात कधी लाइन उगाच उघडी ठेवली नव्हती. तीन दिवस फोन बंद करायला त्या आल्याच नव्हत्या, आणि तीनही दिवसांपुढे लिहिलं होतं, ठीक.

आवाजाची तक्रार आली तर कामी यावीत म्हणून सर्व्हर रेकॉर्डिंग ठेवी. त्याने मंगळवारचं लावलं. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. नर्सताईंच्या आवाजाने विचारलं, बरे आहात ना? मग लांबून, बहुधा स्वयंपाकघरातून, बाईंचा आवाज आला. “पडलेय मी. उठता येत नाही. लाइनमनला सांगा.” सर्व्हरने आवाज ऐकला आणि ‘ठीक’ लिहिलं. बाई दोन मिनिटं हाका मारत होत्या. मग लाइन तुटली.

बुधवारी शब्द कळत नव्हते, नुसतं कण्हणं होतं. आजच्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त रेडिओ होता.

त्याने मोबाइलवरून, त्याच सर्व्हरमधून, सतरा नंबर लावला. दोन रिंगांनंतर लाइन उघडली. तो बाई, बाई म्हणून ओरडला. रेडिओ चालूच होता. त्याने फोनवर दोन ठोके दिले आणि कान लावला.

ठक. ठक. बऱ्याच वेळाने तिसरा.

फोन कानाला तसाच दाबून तो नर्सताईंकडे धावला. त्यांनी ॲम्ब्युलन्सला सांगून स्कूटर काढली, तो मागे बसला. आलोच बाई, तोडत नाही, असं तो फोनमध्ये बोलत राहिला. पहिल्या वळणावर दोन मिनिटं भरली आणि त्यानेच लिहिलेल्या नियमाने लाइन तुटली. पुन्हा लावायला गेला तर घामेजल्या हातातून मोबाइल निसटला आणि रस्त्यावर फुटला.

बाईंच्या खोलीखाली शिंप्याचं दुकान होतं. जास्तीची किल्ली त्याच्याकडे असे. किल्ली काढताना शिंपी गोंधळून गेला. रेडिओ तर सारखा चालू होता, मला वाटलं बाई बऱ्या आहेत, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याला दोष द्यायला लाइनमनजवळ तोंड नव्हतं.

बाई स्वयंपाकघरात फरशीवर होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, ओठ सुकून गेले होते. हाताशी एक उलथनं पडलं होतं. तो गुडघ्यावर बसला. बाईंनी डोळे उघडले, त्याला ओळखलं.

“तीन ठोके दिले होते रे,” त्या म्हणाल्या. “तरी तोडलीस.”

त्यानंतर बाई चार दिवस होत्या, पण पुन्हा बोलल्या नाहीत. लाइनमन इस्पितळाच्या बाकावरून हलला नाही. नर्सताईंनी समजूत घातली की मशीनची चूक माणसाने जिवाला लावून घेऊ नये. मशीनची चूक नव्हती हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मशीनला जे सांगितलं ते मशीनने केलं.

बाईंना पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जिन्याखालची खोली उघडली. फेरी नुकतीच संपली होती. पडद्यावर सतरा नंबरपुढे एकशेवीस सेकंद होते आणि ‘ठीक’ होतं. त्याने रेकॉर्डिंग लावलं. रिकाम्या घरात फोन आपोआप उघडला होता. बरे आहात ना, असं विचारून झालं होतं. उत्तरादाखल खालच्या दुकानातून शिवणाच्या मशीनची घरघर येत होती.

त्याने खुर्ची ओढली आणि त्या सात ओळी एकेक करून पुसल्या. यादीत चाळीस नंबर उरले. सगळ्यांपुढे ‘ठीक’ लिहिलेलं होतं. त्यातला पहिला त्याने स्वतःच्या हाताने लावला, आणि पलीकडून माणूस बोलेपर्यंत रिसीव्हर कानाला घट्ट धरून बसला.