चाचांची वाळू

मालगुंडच्या किनाऱ्यावर एक चाचा पर्यटकांना चाकांवरची खोली भाड्याने देत. आखातातून परतल्यावर त्यांनी ती स्वतःच बांधली होती. पर्यटकांना दारात समुद्र हवा, म्हणून ती वाळूतच उभी. आणि वाळूशी तर चाचांचं उभं वैर! दारावरच्या पडद्याची चेन वाळूने अडू नये म्हणून ते तिच्यावर रोज मेणबत्ती घासत. मी रस्त्यावर दिसलो तरी ओरडत, "मास्तर, पाय झाडा!"

एकदा वारा सुटला, तेव्हा वाळू शिरू नये म्हणून त्यांनी नेसती लुंगी सोडून विझल्या शेगडीवर टाकली आणि पर्यटकांसमोर खुशाल अर्ध्या चड्डीत उभे राहिले.

एका दुपारी पाहतो, तर चाचा खोलीखालच्या सावलीत वाळूतच आडवे.

"चाचा, आत गादी आहे की!"

दाढीतली वाळू झटकत ते म्हणाले, "असल्या अंगानं मी कुणाला आत घेतो काय?"