उजवा ब्रेक, डावा गिअर

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. फी माणशी चार हजार, जोडीने आल्यास दोघांचे मिळून सात. हजर: शिकवणारी मुलगी, मी आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू. मोटारसायकलवर बसण्याआधी काकूंनी उजव्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "तू ब्रेक." मग डाव्या मांडीवर. "तू गिअर." मग दोन्ही पायांना मिळून, "कळलं का?"

पायांना कळलं नव्हतं, हे पुढच्या अर्ध्या मिनिटात सिद्ध झालं.

काकू सहासष्ट वर्षांच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. कसबा पेठेतल्या आमच्या बिल्डिंगचा मी खजिनदार, म्हणून त्या मला नावाने कधी हाक मारत नसत. त्या रविवारच्या आधी एका संध्याकाळी दारात येऊन म्हणाल्या, "खजिनदार, सात हजार भागिले दोन?"

"साडेतीन."

"आणि एकट्याने गेलं तर?"

"कुठे?"

"मोटारसायकल पुन्हा शिकायला. एकट्याला चार. म्हणजे तुम्ही आला नाहीत तर माझे पाचशे वाया. चालेल तुम्हाला?"

मी म्हणालो, नाही चालणार. न गेल्यास माझे साडेतीन हजार वाचले असते, हे माझ्या लक्षात दोन दिवसांनी आलं. तोवर मी पैसे भरले होते.

तसा मीही एके काळी चालवत असे. आमची लेक झाली तेव्हा मोटारसायकल विकली, त्याला वीस वर्षं झाली. निघताना बायको म्हणाली, "पडलात तर फोन करा. नाही पडलात तर येताना कोथिंबीर आणा."

मैदान सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे. काकूंची अडचण पहिल्याच फेरीत उघडी पडली. त्या शिकल्या होत्या वडिलांच्या फटफटीवर. त्या जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. हल्लीच्या गाड्यांचं बरोबर उलटं. पस्तीस वर्षं हात लावला नव्हता, पण पाय काही विसरले नव्हते. हीच भानगड होती.

"काकू, ब्रेक!" शिकवणारी मुलगी ओरडली.

"दाबतेय की!"

"तो गिअर आहे!"

"माझ्या वेळी ब्रेक होता!"

गाडी गुरगुरत गवतात शिरली आणि आपणहून बंद पडली. काकू ताठ बसून होत्या. "थांबली ना?" म्हणाल्या.

पुढच्या फेरीला उलटा प्रकार. दुसरा गिअर टाकायला म्हणून त्यांनी उजवा पाय दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागे मी होतो. सांगितलेलं अंतर मी काटेकोर राखलं होतं, म्हणून आज हे लिहितो आहे.

पण खरं सांगू का, त्या दिवशी आम्ही दोघंही शाळा सुटल्यासारखे झालो होतो. तिसऱ्या फेरीला वारा कानात शिरला आणि मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसायला लागलो. काही कारण नव्हतं. वय वर्षं एकावन्न. शेजारून काकू गेल्या, त्याही हसत होत्या. "ऐंशीच्या घरात गेले!" त्या ओरडल्या. मुलीने नंतर सांगितलं, गाडी तिसाच्या वर गेलीच नव्हती.

परतताना हायवेवर चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी खरी गोष्ट सांगितली. काकांना काचबिंदू. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली. त्याआधी ते दर गुरुवारी लोणी काळभोरला थोरल्या भावाकडे जात. भाऊ घराबाहेर पडू शकत नाही. दोघं कॅरम खेळायचे, भांडायचे, जेवायचे. आता बसची पाटी वाचता येत नाही आणि कोणाला सोडायला सांगणं त्यांच्या स्वभावात नाही.

"गुरुवारी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसतात," काकू म्हणाल्या.

मुलगा परदेशी गेला, त्याची मोटारसायकल खाली झाकून ठेवलेली. काकूंचं लायसन्स चालू, कारण दर खेपेला त्या न चुकता मुदत वाढवून घेत. मी नेते, असं त्यांनी काकांना सांगितलं होतं. काकांचं उत्तर: "चालवता तुला येतंच. आधी थांबायला शीक."

"लग्नापासून हेच ऐकतेय," काकू म्हणाल्या आणि माझं बिस्किट माझ्याच चहात बुडवून खाल्लं.

दुसरा रविवार वाईट गेला. ब्रेक म्हटलं की डावा पाय आधी जाई. शेवटी मुलगी हळूच म्हणाली, "काकू, रागावू नका. स्कूटर का नाही घेत? गिअरचं टेन्शनच नाही."

"स्कूटरवर मी पस्तीस वर्षं ह्यांच्या मागे बसले," काकू म्हणाल्या. "मला आता पुढे बसायचंय, आणि जी मला येत होती तीच गाडी चालवायचीय."

मुलीने स्कूटरचा विषय सोडला, पण अट घातली. पुढच्या रविवारी चाळीसच्या वेगाने येऊन खडूच्या रेघेवर थांबायचं. नाही जमलं, तर हिच्या मागे बसू नका असं ती काकांना स्वतः सांगणार होती.

तिसऱ्या रविवारी सकाळी काकू जिना उतरल्या त्या बूट हातात घेऊन. उजव्या पायात लाल मोजा, डाव्या पायात हिरवा.

"घाईत निघालात वाटतं?" खालच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले.

"नाही. विचार करून." मग माझ्याकडे वळून, "लाल म्हणजे थांबा. घालतानाच पायांना बजावलंय. बुधवार पेठेतून दोन जोड्या घेतल्या, एक लाल, एक हिरवी. उरलेले दोन तुमचे. साठ रुपये, सवडीने द्या."

दोन जोड्या, दोन माणसं, शिल्लक शून्य. इतका चोख व्यवहार मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मी तिथेच मोजे बदलले.

त्या दिवशी माझ्या कारमध्ये मागच्या सीटवर काकाही होते. गुरुवार नव्हता, तरी शर्ट इस्त्रीचा. मांडीवर कापडी पिशवी. मैदानावर उतरले आणि सरळ जाऊन खडूच्या रेघेपलीकडे उभे राहिले.

"काका, तिथे नाही! बाजूला या!"

"का? थांबणार आहे ना ती?"

मुलीने हात धरून त्यांना बाजूला आणलं.

पहिल्या खेपेला डावा पाय गेला. गाडी कळवळून ओरडली आणि आमच्यासमोरून रेघ ओलांडून लांब गेली. "परस्पर भावाकडेच निघालीस का?" काका म्हणाले. दुसऱ्या खेपेला उजवा पाय पडला, पण उशिरा. एक गाडीभर पुढे. "सुधारणा आहे," काका म्हणाले. पण पिशवीचे बंद त्यांनी बोटाला घट्ट गुंडाळले होते.

तिसऱ्या खेपेआधी मैदानाच्या त्या टोकाला काकूंनी दोन्ही मांड्यांवर थापा मारल्या. आवाज आमच्यापर्यंत आला. मग गाडी आली, चांगली वेगात. मुलगी ओरडली नाही. घोट्याजवळचा लाल पट्टा खाली गेला आणि गाडी थांबली. पुढचं चाक बरोबर खडूवर.

काकांनी पिशवीत हात घातला आणि हेल्मेट काढलं. नवं कोरं, किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती.

"हे कधी घेतलंत?" काकूंनी विचारलं.

"मागच्या महिन्यात."

"म्हणजे मी फी भरायच्या आधी?"

"चल," काका म्हणाले आणि मागे बसले.

त्यांनी मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. काकांचा एक हात काकूंच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात रिकामी पिशवी फडफडत होती. शिकवणारी मुलगी टाळ्या वाजवत उड्या मारत होती. मीही त्याच दिवशी पास झालो. कोणी पाहिलं नाही.

मग दर गुरुवारी दहाला आमच्या जिन्यात दोन थापा ऐकू येऊ लागल्या. बिल्डिंगमधल्या लोकांनी त्यावर घड्याळं लावली असती तरी चाललं असतं. दिवाळीनंतर थोरल्या भावाच्या सोबतीला म्हणून दोघं कायमचेच लोणीला राहायला गेले. टेम्पो पुढे गेला, मागून हे दोघं मोटारसायकलवर. त्या क्षणी मला साठ रुपये आठवले. मी जिना उतरून गल्लीत धावलो.

"काकू! मोज्यांचे पैसे!"

गाडी कोपऱ्यावर पोचली होती. उजवा पाय दाबला गेला. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. "रस्त्यात हिशोब काढतात का, खजिनदार?"

मी शंभराची नोट काकांच्या हातात दिली. ते म्हणाले, "माझ्याकडे सुटे नाहीत हो."

"राहू द्या. चाळीस लोणीला येऊन घेईन."

"मोटारसायकलवरून या," काकू म्हणाल्या. दोन थापा मारल्या आणि वळून दिसेनाशा झाल्या.

आता वरची गॅलरी रिकामी असते. नोंदीसाठी लिहितो: दिले शंभर रुपये, रोख, काकांच्या हाती. माझ्या वरच्या खिशात त्या वेळी सुटे साठ होते.