दहा मिनिटांची खुर्ची

रत्नागिरीच्या स्टँडवरून नाटे गावाची एसटी सुटली, तेव्हा माझ्या पिशवीत चार नवे माउस होते आणि डोक्यात बराच तोरा. पुण्याच्या शाळेत पंचवीस वर्षं कॉम्प्युटर शिकवून मी निवृत्त झाले होते. आता कोकणातल्या पोरांना चार गोष्टी सांगू, असं मनात होतं. पूर्णगडच्या खाडीवर खारा वारा लागला, पुढे सडा (जांभ्याचं उघडं माळरान) आला आणि मी चक्क घोरायला लागले.

"ओ बाई, नाटे आलं! उतरताय, का परत रत्नागिरीला नेऊ?" कंडक्टरने हलवून उठवलं.

माझी जुनी विद्यार्थिनी स्मिता इथे शिक्षिका आहे. तिने तिचा संगणक वर्ग दाखवला. मुलं चाळीस, कॉम्प्युटर दोन. प्रत्येकाला खुर्चीवर दहा मिनिटं. वेळ झाली की मूल आपणहून उठतं, खुर्ची पुसतं आणि पुढच्याला देतं. बाकीची पोरं जमिनीवर बसून मोडक्या होडीच्या फळ्यांवर टाइप करत होती. होड्यांवर नावं रंगवणाऱ्या पेंटरने त्या फळ्यांवर अख्खा कीबोर्ड काढून दिला होता, वर चारी कोपऱ्यांत वेलबुट्टी. माझे चार माउस लावायला चार कॉम्प्युटर नव्हते. मी पिशवी गुपचूप टेबलाखाली सरकवली.

नववीतली नेत्रा तिथेच भेटली. वडील मच्छीमार बोटीवर खलाशी. दुसऱ्या दिवशी तिची रत्नागिरीत परीक्षा होती. जिल्ह्यातून दहा मुलं निवडून त्यांना मे महिनाभर शहरात ठेवून फुकट कॉम्प्युटर शिकवणार होते.

"एवढं कशाला जायचंय गं तुला?" मी विचारलं.

"फळीवर चुकलेलं दिसत नाय, बाई," ती म्हणाली. "मला माजी चूक बघायचीय."

माझ्या पुण्याच्या एकाही विद्यार्थ्याने मला असं उत्तर दिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी नेत्राच्या घरी तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं (घट्ट, झणझणीत कालवण) खाल्लं. नाका-डोळ्यांतून पाणी आलं तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

सकाळच्या एसटीने नेत्रा, स्मिता आणि मी रत्नागिरीला पोचलो. परीक्षेच्या हॉलमध्ये तीस कॉम्प्युटर होते. शहरातली मुलं आरामात रेलून बसली होती. नेत्रा खुर्चीच्या टोकावर. एक पान टाइप करायचं, त्याचा तक्ता करायचा, वेळ अर्धा तास. आम्ही उघड्या दाराबाहेरून बघत होतो. तिची बोटं धावत होती. आणि दहा मिनिटं होताच ती उठली, ओढणीने खुर्ची पुसली आणि मागे जाऊन उभी राहिली.

स्मिताने कपाळावर हात मारला.

"अगं, का उठलीस?" पर्यवेक्षकांनी विचारलं.

"दुसऱ्याचा नंबर ना, सर."

"इथे नंबर नसतो. पण उठलं की संपलं, नियम आहे."

तिचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तक्त्याची शेवटची ओळ राहिली, बाई."

दुपारी नावं वाचली. नववं नाव नेत्राचं. अर्ध्या तासाचं काम तिने दहा मिनिटांत जवळजवळ पुरं केलं होतं. स्मिता रडली, मीही रडले. पर्यवेक्षक हसून नेत्राला म्हणाले, "आता महिनाभर एक कॉम्प्युटर तुझ्या एकटीचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

नेत्रा खूश होईल असं मला वाटलं होतं. ती घाबरून स्मिताकडे बघत म्हणाली, "मग बाकीची कदी बसायची?"

मी पुण्याला परतले. त्या मुलीचं कौतुक करून मोकळं होणं सोपं आहे. पण अर्ध्या तासातली तिने सोडलेली ती वीस मिनिटं आमच्यासारख्यांच्या घरांतच, रिकाम्या कॉम्प्युटरपुढे कुठेतरी पडून आहेत. हे लिहायला कॉम्प्युटरपुढे बसून मला दोन तास झाले. खोलीत दुसरं कोणी नाही, तरी मघापासून मी सारखी मागे वळून बघतेय.