नऊ बाय तेराची खोली
मढच्या कोळीवाड्यात सोनूबाईचं घर किनाऱ्याकडून तिसरं. पुढे गल्ली, मागे अंगण. अंगणात बोंबील सुकवायच्या काठ्या आणि कोपऱ्यात जाळी ठेवायची जुनी खोप. घरात माणसं दोनच, सोनूबाई आणि तिची सून कल्पिता. सोनूबाईचा मुलगा प्रज्योत चार वर्षांपूर्वी काविळीने गेला. आठ दिवसांचं दुखणं, बस्स. त्या वेळी सगळ्यांना वाटलं, पोरगी वर्षाच्या आत माहेरी जाईल. ती गेली नाही. मच्छीमार संस्थेच्या डिझेल पंपावर कामाला लागली आणि सासूच्या मासळीच्या टोपलीला सकाळी हात लावत राहिली.

पंपावर निमेश यायचा. मरोळच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. माणूस अबोल, पण कल्पिता पंपावर असली की त्याचं काम एक तास जास्त चालायचं. सोनूबाईच्या हे लक्षात आलं तेव्हा तिने दोन दिवस त्याला नीट पाहून घेतलं. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "तो इंजिनवाला बरा आहे गो."

कल्पिताचा घास हातातच राहिला.

"लग्न कर त्याच्याशी."

"आणि तुम्ही?"

"मी काय? मी मासळी विकेन."

"मी तुम्हाला सोडून जाणार नाही, आई. त्याला सांगितलंय तसं." म्हणजे गोष्ट एवढ्या पुढे गेली होती. निमेशचं मानखुर्दचं घर म्हणजे एक खोली, त्यात भाऊ, भावजय, त्यांची दोन मुलं. तिथे तर जागा नव्हतीच.

सोनूबाईने त्याच दिवशी ठरवलं. मागच्या अंगणात एक खोली बांधायची. दार वेगळं, चूल वेगळी. पोरीच्या संसारात म्हातारीचं खोकणंसुद्धा ऐकू जाता कामा नये.

वाड्यात बातमी पसरली तेव्हा लोक बोललेच. शेजारची द्रौपदी दारात येऊन म्हणाली, "सुनेचं लग्न लावून देतेस ते ठीक, पण त्याला घरात घेतेस? तो कोळी पण नाय."

"तुझ्या होडीचं इंजिन त्यानेच चालू केलं ना? तेव्हा विचारलंस कोण म्हणून?" सोनूबाई म्हणाली आणि मासे कापायला बसली.

सुबोध नावाचा एक ठेकेदार होता. तो अंगण बघून म्हणाला, "मावशी, शनिवार-रविवार पालिकेचं ऑफिस बंद असतं. दोन दिवसांत भिंती उभ्या करतो. नंतर बघू."

सोनूबाईने दोन वर्षांपूर्वी पालिकेची माणसं गल्लीतली एक विनापरवाना खोली तोडताना पाहिली होती. फरशीवर पडलेली देवाची तसबीर ती विसरली नव्हती. ती म्हणाली, "नको रे बाबा. माझ्या पोरीच्या डोक्यावरचं छप्पर कुणी येऊन काढलं तर?"

द्रौपदीची नात नेत्रा सिव्हिलचा डिप्लोमा करून एका आर्किटेक्टकडे नोकरीला होती. तिने रजा टाकली आणि सोनूबाईला घेऊन वॉर्ड ऑफिसला गेली. खिडकीतल्या माणसाने कागद बघितले आणि शांतपणे सांगितलं, "समुद्रालगतची जागा आहे, आजी. मोकळ्या अंगणात नवं बांधकाम मिळणार नाही. जुनं काही उभं असेल तर दुरुस्ती मिळेल, तीही आहे त्याच मापात. आणि वेगळी चूल घातली तर ते वेगळं घर धरतात."

"अंगण माझंच आहे ना?"

"अंगण तुमचंच आहे. पण ते अंगणच राहायला हवं."

परतीच्या बसमध्ये सोनूबाई खिडकीबाहेर बघत होती. नेत्रा मात्र मोबाईलवर मोजणीचा जुना नकाशा मोठा करून करून बघत होती. मार्वेच्या वळणावर तिने सोनूबाईच्या मांडीवर थाप मारली. "आजी, खोप! नकाशात आहे बघ. हा चौकोन. खोपीची दुरुस्ती मागायची."

सोनूबाईने बोटाखालचा तो एवढासा चौकोन पाहिला. "तिथे जाळी आहेत," ती म्हणाली.

जाळी प्रज्योतची होती. तो गेल्यापासून खोपीचं कुलूप कुणी काढलं नव्हतं.

अर्ज गेला. तीन आठवड्यांनी इंजिनियर बाई पाहणीला आल्या. तरुण, हातात फाईल, घामाने चेहरा ओला. म्हणाल्या, "आतून माप घ्यावं लागेल."

किल्ली सोनूबाईच्या कमरेलाच होती. कुलूप गंजलेलं, दोनदा तेल सोडावं लागलं. दार उघडलं आणि आतून जुन्या खाऱ्या दोऱ्याचा वास आला. जाळं खुंटीवर होतं. फाटलेला भाग अर्धा सांधलेला आणि विणायची सुई त्यातच अडकवलेली, चहा प्यायला उठलेला माणूस ठेवतो तशी.

सोनूबाई खाली बसली. तिने जाळ्याचा तो कोपरा मांडीवर घेतला आणि तोंडाला पदर लावला. कल्पिता तिच्यामागे उभी राहिली, मग तीही बसली. दोघींनी चार वर्षांत एकमेकींसमोर रडायचं टाळलं होतं. त्या दिवशी टाळलं नाही. इंजिनियर बाई अंगणात काठ्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि कुणी बोलावेपर्यंत आत आल्या नाहीत. मग नेत्राने टेप धरली. नऊ फूट बाय तेरा.

जाळी सोनूबाईने चंदरला दिली. प्रज्योत त्याच्याच होडीवर जायचा. सुई तेवढी कल्पिताने मागून घेतली.

परवानगीचं पत्र आलं त्यात सगळं स्पष्ट होतं. पाया तोच, उंची तीच, माळा नाही, स्वयंपाकघर नाही. सोनूबाईचा चेहरा पडला. "चूल नाय म्हणतात. माझ्याच चुलीपाशी यावं लागेल तुला, रोज."

"मग मी कुठे वेगळी मागितली होती?" कल्पिता म्हणाली.

"मागायला हवी होतीस. तुला तुझं असं काहीतरी हवं."

"माझं असं नऊ बाय तेरा आहे की. तिथून उठून भाकरी खायला तुमच्याकडे येईन. भाकरी तुमच्यासारखी मला जमत नाही, माहितीय ना?"

"जमते. आळशी आहेस," सोनूबाई म्हणाली, पण तिचा आवाज मऊ झाला होता.

पावसाळ्याआधी खोपीच्या भिंती सरळ झाल्या, पत्रा बदलला, खिडकी आली. निमेशने वायरिंग स्वतः केलं. लग्न रजिस्टर पद्धतीने झालं. मानखुर्दहून त्याचे भाऊ-भावजय आले आणि द्रौपदी नको नको म्हणत सगळ्यांच्या पुढे पंगतीला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनूबाईने तीन कप चहा ठेवला. अंगण ओलांडून दोघं आली. निमेश दारातच थांबला. सोनूबाईला काय हाक मारावी ते त्याला सुचेना. कल्पिता आई म्हणायची, पण ते त्याच्या तोंडी येईना.

"मावशी, आत येऊ?" शेवटी तो म्हणाला.

सोनूबाईला ते बरं वाटलं. आई म्हटलं असतं तर तिला प्रज्योतचा आवाज आठवला असता. तिने पाट पुढे सरकवला. "ये. आणि उद्यापासून विचारू नकोस."