काकांचे चाळीस वेढे

गेल्या मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी नऊ चाळीसला, भोसरीतल्या आमच्या गाळ्यात एक चिप जळाली. आवाज फुटाणा फुटावा तेवढाच झाला. त्या जातीची आता एकच चिप शिल्लक होती. बारा वाजता चाकणच्या एका कारखान्यात आमच्या कॅमेऱ्याची शेवटची चाचणी होती, आणि ती फसली तर पाच जणांचा आमचा गाळा बंद करायचा, हे आदल्या दिवशीच ठरलं होतं. सगळे उभे राहिले. शेजारच्या गाळ्यातले, तारेच्या कॉइल गुंडाळणारे वायंडिंगवाले काका आमच्याकडेच बसले होते; ते स्टुलावरून हलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "माजा दोरा कुनी कापला?"

भोसरीपासून चाकणपर्यंत काकांइतका मोजणारा माणूस नाही. मशीनला काउंटर असूनही ते तारेचा प्रत्येक वेढा तोंडाने मोजत. "काउंटर कंपनीचा हाय, बोटं माजी हायेत," असं त्यांचं म्हणणं. मोजणी चालू असताना कुणी "काका, जेवलात का?" असं विचारलं, तर उत्तर "एकशे बारा" असं येई आणि विचारणारा पुढे जाई. एकदा मध्येच वीज गेली. काका दीड तास तारेवर बोट दाबून बसून राहिले, चहाही दुसऱ्याने तोंडाला लावला; दिवे लागले तेव्हा ते "दोनशे सात" म्हणाले आणि पुढे सुरू झाले. एका वेढ्याची शंका आली की अख्खी कॉइल उलगडत. "एका वेढ्यानं काय होतंय राव?" असं मी एकदा म्हणालो होतो. "जिन्यात एक पायरी कमी घाला, मंग सांगा," ते म्हणाले. प्रत्येक वायंडिंगच्या सुरुवातीच्या टोकाला ते लाल दोरा बांधत. तारेची दोन्ही टोकं सारखीच दिसतात. डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं, ते दोऱ्यावरून कळायचं.

आमचा कॅमेरा प्रेसमधून निघणारे पत्र्याचे भाग तपासतो. त्याला वीज नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते, अठ्ठेचाळीस व्होल्ट. बोर्डावरची कंट्रोलर चिप ती घेते आणि बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्ट उतरवणारं सर्किट, चालवून तिचे पाच व्होल्ट करते. चिपला स्वतःला चालायला दहा व्होल्ट लागतात. त्याला बायस म्हणतात. ते दहा ती थेट अठ्ठेचाळीसमधून उतरवून घेत होती आणि उरलेल्या अडतीस व्होल्टची उष्णता तिच्याच अंगात राहत होती. वीस मिनिटांत चिप बंद, कॅमेरा बंद, प्रेस लाइन उभी. आधीच्या दोन चाचण्या अशाच गेल्या होत्या.

उपाय काकांनी सांगितला. "कन्व्हर्टरची कॉइल हायच की. तिच्यावर दुसरं वायंडिंग घालू. पाच व्होल्टाला वीस वेढे, तर दहाला चाळीस. चिपला त्यातनंच पाजा." त्यांनी ते हाताने गुंडाळलं आणि दोरा बांधला. मंगळवारी सकाळी चाकणच्या साहेब लोकांसमोर लाल दोरा गावठी दिसेल म्हणून मी तो ब्लेडने काढून टाकला. टोकं मला आठवत होती. ती चुकीची आठवत होती. टोकं उलटी जोडली की चिपला दहाऐवजी ऐंशीच्या वर व्होल्ट जातात; चिप त्यानेच जळाली.

"मीच कापला, काका," मी म्हणालो.

"इंजिनेर, जावळ काढायला बसला व्हता का?"

कुणी हसलं नाही. "आता उलटं जोडू का मग?" मी विचारलं.

"कशावरनं? एकदा तुमाला आटवलं, त्याचं काय झालं? आता मलाबी आटवतंय. आटवण्यावर जोडायचं न्हाई."

त्यांनी बोर्डावरून कॉइल सोडवायला लावली, आपल्या गाळ्यातून काट्याचा जुना मीटर आणि बॅटरीतला एक सेल आणला. मीटर चाळीस वेढ्यांना लावला, सेल वीस वेढ्यांना क्षणभर टेकवला. काटा उजवीकडे उडाला. सेलचा प्लस वीस वेढ्यांच्या डोक्याला असताना काटा उजवीकडे उडाला, तर मीटरचा प्लस चाळीसच्या डोक्याला असतो. त्यांनी पुन्हा टेकवला. उजवीकडे. दहा वाजून गेले होते.

"काका, वाटेत मोशीला ट्रॅफिक असतंय," मी म्हणालो.

"असू द्या." तिसऱ्यांदाही काटा उजवीकडेच गेला. काकांनी खिशातून दोरा काढला, मीटरचा प्लस होता त्या टोकाला बांधला आणि माझ्याकडे बघितलं. मी शेवटची चिप बसवली, कॉइल जोडली. मी केबल उचलली. काकांनी ती माझ्या हातातून घेऊन स्वतः लावली. मीटरवर दहा पूर्णांक चार आले. चिपवर बोट ठेवून ते बराच वेळ थांबले. "कोमट हाय," म्हणाले. "निघा."

आम्ही बारा वाजून सात मिनिटांनी पोचलो. कॅमेरा दोन तास चालवला गेला. तो बंद पडला नाही. अडीच वाजता ऑर्डरच्या कागदावर सही झाली. दोऱ्याबद्दल कुणी विचारलं नाही.

पुढच्या बोर्डांना तयार कॉइल येतात. दोन्ही वायंडिंग कारखान्यातच घातलेली असतात. दिवाळीनंतर काकांनी गाळा सोडला आणि ते देहूजवळच्या आपल्या गावी गेले. त्यांच्या हातची कॉइल एकाच कॅमेऱ्यात आहे, चाकणला, तिसऱ्या प्रेसवर. मागच्या सोमवारी मी तिथे गेलो होतो. तो कॅमेरा चालू होता.