पुकारा झाला आणि बाबा बसून राहिले

विचुंब्यात आमच्या घरून रस्त्याला यायला एकच सरळ वाट होती. ती ज्या शेतातून जायची ते एका बिल्डरने घेतलं आणि वाटेवरच भिंतीचा पाया खणायला काढला. वाट आमच्या वहिवाटीची, म्हणून बाबांनी पनवेलच्या कोर्टात दावा लावला. पुढच्या तारखेपर्यंत भिंत बांधायची नाही, असा मनाई हुकूम मिळाला. ती तारीख उजाडली आणि नेमका त्याच दिवशी वकिलांचा संप निघाला.

मी तेव्हा कॉलेजात होते. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, म्हणून कोर्टात जाताना बाबा मला बरोबर न्यायचे. हिला कळतं, अशी त्यांची समजूत होती. मला फारसं कळत नव्हतं. वकील शिकलेले असतात आणि शिकलेली माणसं जबाबदारीने वागतात, एवढं मात्र मी मनापासून मानत होते.

संप एका येऊ घातलेल्या कायद्याविरुद्ध होता. वकिलाविरुद्धची तक्रार तोवर वकिलांचीच परिषद ऐकत असे. नव्या कायद्याने तिथे वकील नसलेली काही माणसंही बसणार होती. एवढंच. पण कोर्टाच्या आवारात मांडव घातला होता, काळ्या कोटांवर लाल फिती होत्या आणि चेहऱ्यांवर घरात कोणी गेल्यासारखं दुःख होतं. आमचे वकीलही बोलले. आमची नीतिमत्ता आम्ही सांभाळायला समर्थ आहोत, बाहेरच्या माणसाला आमची चूक कळणार कशी, असं ते विचारत होते. चुकीचे परिणाम बाहेरच्यांनाच भोगावे लागतात, मग ती कळायला काय हरकत आहे, असं माझ्या मनात आलं. बोलायचा धीर झाला नाही. भाषण आटोपल्यावर त्यांनी मोसंबीचा रस घेतला. उपोषण कोणाचंच नव्हतं, तरी रस होता.

तेवढ्यात शिपायाने व्हरांड्यातून बाबांच्या नावाचा पुकारा केला. बाबा अर्धवट उठले. वकिलांनी त्यांचा दंड धरून खाली बसवलं.

"बसा हो काका. आज आत कोणी जायचं नाही. संपात आपोआप पुढची तारीख मिळते."

"पन सायेब, आमचा हुकूम आजच्यापुरताच हाय."

"तारीख मिळाली की हुकूमही पुढे चालतो. वकील तुम्ही की मी?"

शेजारी बिल्डरचे वकील बसले होते. ते हसले आणि त्यांनी आमच्या वकिलांच्या ग्लासात आणखी रस ओतला. पुन्हा पुकारा झाला. बाबा मान खाली घालून चपलेशी चाळा करत राहिले. मोठ्या माणसाने बसा म्हटल्यावर उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

तारीख मिळाली. हुकूम मात्र पुढे चालला नाही. त्यासाठी कुणीतरी आत उभं राहून तसं मागावं लागतं. कुणीच मागितलं नाही. त्याच आठवड्यात भिंत छातीएवढी झाली.

आम्ही वकिलांकडे गेलो. मी चाचरत विचारलं, "सर, पण हुकूम वाढवून मागायला हवा होता ना?"

"हल्ली कॉलेजात वकिलीपण शिकवतात वाटतं," ते म्हणाले आणि पुढच्या अशिलाला आत बोलावलं.

तक्रार करायची म्हटल्यावर पनवेलमधला एकही वकील पुढे येईना. प्रत्येकाने आम्हाला चहा पाजला आणि दुसऱ्याचं नाव सुचवलं. शेवटी मीच वकिलांच्या परिषदेला अर्ज लिहिला. दरम्यान तो कायदा बारगळला. कोर्टात पेढे वाटले गेले. बाबा तारखेला गेले असताना आमच्या वकिलांनी त्यांच्याही हातावर एक ठेवला. बाबांनी तो कागदात गुंडाळून घरी आणला. आम्हाला कुणालाच तो खाववेना.

मुंबईला परिषदेपुढे आमचं बोलावणं आलं तेव्हा टेबलामागे तिघं होते आणि तिघंही वकील. आमच्या वकिलांना त्यांनी अरे-तुरे करत तब्येत विचारली, मुलाच्या ॲडमिशनचं विचारलं. मग बाबांकडे वळले. मधला सभ्य आवाजात म्हणाला, "पुकारा तुम्ही ऐकलात. कोर्ट समोर होतं. तुम्हाला कोणी बांधून ठेवलं होतं का?"

"सायबांनी बसा सांगितलं."

"पक्षकार स्वतः उभा राहू शकतो. तुम्ही तुमचा हक्क बजावला नाहीत, त्याला हे काय करणार?"

तक्रार तिथेच निकालात निघाली. संपाच्या दिवशी वकिलाशिवाय कोर्टात पाऊल टाकणं म्हणजे पाप होतं. आज ते न टाकणं हा गुन्हा ठरला. अशी नीतिमत्ता सांभाळायला खरोखरच बाहेरच्या माणसाची गरज नव्हती.

स्टँडवरून घरी येताना बाबांनी विचारलं, "त्यो कायदा आला असता तं तितं कोन बसला असता?"

"बाहेरचा माणूस."

"आपल्यासारका?"

सरकारने नेमलेला कुणीतरी बसला असता, शिकलेला, बहुधा यांच्याच ओळखीतला. तसं मी सांगितलं.

"मंग तो बी बसाच बोलला असता," बाबा म्हणाले. आम्ही भिंतीपाशी आलो होतो. ते न थांबता डावीकडे वळले, नाल्याच्या बाजूने, लांबच्या वाटेला.